चोरीचाच मनी प्लांट

सिंगापूरला आमच्या हौगांगच्या फ्लॅटमध्ये एक मनी प्लांट होता. आणला तेव्हा त्याला पाच पानं होती आणि दोन वर्षांनीही पाचच होती. नवीन पान यायचं, नाही असं नाही, पण ते आलं की जुनं एखादं पिवळं पडून गळायचं. बायको म्हणायची, ह्याने नवीन भरती बंद ठेवली आहे, फक्त रिकाम्या जागा भरतो. व्हिडिओत जे जे सांगतात ते सगळं मी केलं. कुंडी खिडकीशी नेली, एसीच्या झोतातून हलवली, रोज मातीत बोट खुपसून ओल बघितली. ऑफिसात माझ्या हाताखालच्या माणसांकडेही मी एवढं लक्ष देत नाही.

अशात आई पुण्याहून आली. बाबा गेल्यानंतरची तिची ही पहिलीच मोठी खेप, तीन महिन्यांची. पहिल्या आठवड्यात आम्ही तिला बघण्यासारखं सगळं दाखवलं. दुसऱ्या आठवड्यात तिने स्वयंपाकघरातले सगळे डबे घासले. तिसऱ्या आठवड्यात घासायला काही उरलं नाही, तेव्हा चहा पिताना म्हणाली, "माझं तिकीट जरा अलीकडचं मिळतंय का बघ."

"का? काय झालं?"

"व्हायचंय काय? बोलायला माणूस नाही रे इथे. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या फोनमध्ये मान घालून. कोथरूडला मी कोथिंबिरीची जुडी आणायला गेले तर घरी यायला दुपार होते. इथे गेले आणि आले."

मला ती जायला नको होती. पुण्याला ती जेवताना टीव्ही मोठ्याने लावते, कोणीतरी बोलत असावं म्हणून. फोनवर मागून तो आवाज आला की मी उगाच बोलणं लांबवतो. पण असलं काही आईशी बोलायची आमच्याकडे पद्धत नाही. मी म्हटलं, बघतो, आणि बघितलं नाही.

त्याच दिवशी तिचं लक्ष मनी प्लांटकडे गेलं. माझं प्रगतिपुस्तक ज्या चेहऱ्याने बघायची, त्याच चेहऱ्याने तिने त्याला बघितलं.

"कुठून आणलास?"

"नर्सरीतून."

"विकत?"

"मग काय फुकट देतील?"

"मनी प्लांट कधी विकत आणतात का? तो चोरून आणायचा असतो. नाहीतर धरत नाही."

मी हसलो. इथेच चुकलं. ज्या गोष्टीला आपण हसतो ती गोष्ट आई करून दाखवते.

आमच्याच मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला एक चिनी आजी राहतात. त्यांचा मनी प्लांट त्यांच्या हॉलमध्ये लावलेला, पण तिथे त्याचं भागलं नाही. पंख्याच्या वायरवरून, देवाच्या लाल फळीवरून, खिडकीच्या गजांतून तो बाहेर कॉरिडॉरमध्ये आला होता आणि पानं ताटलीएवढी. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लॅपटॉपवर मीटिंगमध्ये होतो. आई फिरून आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि ओढणीखालून एक फांदी काढली. बरोबर पेराच्या खाली खुडलेली. लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पाणी घालून तिने ती खिडकीत ठेवली.

मी आवाज म्यूट केला. "आई, हे सिंगापूर आहे."

"मग?"

मग मी तिला सगळं समजावलं. लिफ्टपाशी कॅमेरा आहे. शेजारी तक्रार करू शकतात. माझा एम्प्लॉयमेंट पास रिन्यू व्हायचा आहे. शिवाय इथे घरात साठवलेल्या पाण्यात डासांची अंडी सापडली तर दंड होतो, त्यामुळे लोणच्याची बरणी हा दुसरा गुन्हा. मी लहानपणापासून नाकासमोर चालणारा माणूस आहे आणि ह्या देशात आल्यापासून मला नाकासमोरही आखलेली रेघ दिसते.

"एका फांदीसाठी?" आई म्हणाली.

"चोरी ती चोरी."

"चोरी नाही रे ही. रीत आहे."

तिने माझं ऐकलं नाही असं मला वाटलं. पण ऐकलं होतं. चार-पाच दिवसांनी बेल वाजली आणि दारात युनिफॉर्ममधली एक मुलगी, गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च. डासांची तपासणी. आईने युनिफॉर्म बघितला आणि ती आत अंतर्धान पावली. मुलीने सिंकखाली बघितलं, बाथरूममधली बादली बघितली, पाच पानांच्या कुंडीखालची ताटली उचलून बघितली. मग विचारलं, पाण्यात ठेवलेली झाडं आहेत का. मी खिडकीकडे बघितलं. बरणी नव्हती. मी नाही म्हटलं, आणि इतक्या चाचरत म्हटलं की तिने सिंकखाली पुन्हा एकदा टॉर्च मारला.

ती गेल्यावर मी शोधाशोध केली. फांदी फ्रिजमध्ये सापडली, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबीर आणि मिरच्यांच्या मध्ये. बरणी घासून पालथी घातलेली. आई देवासमोर डोळे मिटून बसली होती.

"गेली का ती पोलीस?" डोळे न उघडता तिने विचारलं.

"डास बघायला आली होती, आई."

"डास बघायला युनिफॉर्म?" तिने डोळे उघडले. "आधी नाही का सांगायचं."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. पण चोरी तिने केली होती आणि चांदणं माझ्या मनात पडलं होतं. फांदीला पांढरी मुळं फुटली, गुंडाळलेलं एक नवीन पान वर आलं. आई रोज तिचं पाणी बदलायची, पानं ओल्या फडक्याने पुसायची आणि गुणगुणायची. तिकिटाचा विषय निघेनासा झाला. मी मात्र कॉरिडॉरमधून भिंतीकडे तोंड करून जायला लागलो.

शेवटी एका रविवारी मी काजूकतलीचा डबा घेतला आणि आजींच्या दारात गेलो. त्यांची मुलगी आली होती, दार तिनेच उघडलं. मी ऑफिसच्या इंग्रजीत कबुलीजबाब दिला. आईने फांदी खुडली, वाईट हेतू नव्हता, आमच्याकडे अशी समजूत आहे की हे झाड चोरलं तरच वाढतं, तरी कृपया गैरसमज नसावा.

"आयो, मनी प्लांट ओन्ली लाह," मुलगी इथल्या इंग्रजीत म्हणाली. "टेक, टेक, नो नीड टू से."

तिने आजींना त्यांच्या भाषेत सगळं सांगितलं. आजींनी दोन्ही हातांनी डबा घेतला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मी हलका होऊन घरी आलो आणि आईला म्हटलं, मिटवून आलो.

"काय मिटवून आलास?"

मी सांगितलं. आई हातातलं फडकं घेऊन तशीच खाली बसली.

"मिठाई दिलीस? म्हणजे मोबदला दिलास. विकत घेतलास की रे तू तो."

"आई, असं काही नसतं."

"आणि मला चोर ठरवून आलास. रोज सकाळी ती बाई खिडकीतून हात करते मला. मी पण करते. आता कुठल्या तोंडाने जाऊ मी तिथून?"

हे मला माहीत नव्हतं. मी दिवसभर घरात बसून काम करायचो आणि आईला सगळ्या हौगांगमध्ये एक माणूस भेटलं आहे हे मला माहीत नव्हतं. मला फार वाईट वाटलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुझा प्रामाणिकपणा ना, एक दिवस आपल्या सगळ्यांना घेऊन बुडेल."

दुसऱ्या दिवसापासून आईने सकाळचं फिरणं बंद केलं. त्याच आठवड्यात फांदीचं एक पान पिवळं पडलं. फ्रिजचा गारठा उशिरा बाधला असेल, पण ही थिअरी आईसमोर मांडायची माझी हिंमत नव्हती. तिने ते पान खुडून माझ्या लॅपटॉपशेजारी ठेवलं आणि म्हणाली, "तिकीट बघ." या वेळी मी खरंच बघायला बसलो.

बघतच होतो तेव्हा बेल वाजली. दारात आजी. एका हातात आमचा डबा, त्यात तांदळाचे वाफवलेले गुलाबी केक. दुसऱ्या हातात कात्री. त्यांनी डबा माझ्याकडे दिला, आत शिरून आईचं मनगट धरलं आणि तिला कॉरिडॉरच्या टोकापर्यंत ओढत नेलं. आम्ही दोघं मागे. आजींनी वेलाची सगळ्यात जाड फांदी बोटाने दाखवली, आईच्या हातात कात्री दिली आणि पाठ फिरवली. हात मागे बांधून त्या समोरच्या ब्लॉककडे बघायला लागल्या, जणू तिथे आजच काहीतरी नवीन बांधलं आहे.

आई कात्री घेऊन उभी. मी समजावून सांगायला पुढे झालो तर बायकोने मागून माझा शर्ट धरला.

आईने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, कच्चकन फांदी कापली आणि ओढणीखाली घातली. माझ्या अंगावरून ती झपाझप घरात निघून गेली, मागे वळून न बघता, चोराने जायला पाहिजे तशी. ती आत गेल्यावर आजी वळल्या. त्यांनी कापलेली जागा बघितली, कपाळावर हात मारला आणि आमच्या दाराकडे बघून त्यांच्या भाषेत मोठमोठ्याने ओरडल्या. ओरडताना त्यांना हसू आवरत नव्हतं. मला मात्र रडू आवरत नव्हतं, आणि बायकोने तेही बघितलं.

तिकीट बदललं नाही. उरलेले दिवस दोघींनी एकमेकींकडे राजरोस चोऱ्या केल्या. आजी आमच्या खिडकीतला कढीपत्ता खुडायच्या, तेव्हा आई गॅसकडे तोंड करून आमटी ढवळायची. आई मराठीत बोलायची, त्या त्यांच्या बोलीत. दोघींना सगळं कळत असावं, किंवा काहीच कळत नसावं आणि त्याने काही बिघडत नव्हतं. आई पुण्याला परत गेली तेव्हा चोरीचा वेल पडद्याच्या दांडीपर्यंत पोचला होता. विकतचा शेजारीच होता, पाच पानांचा.

मागच्या महिन्यात आमच्या ब्लॉकला रंग दिला. कॉरिडॉर मोकळे करायला सांगितलं होतं, आजींचा वेल गजांपासून उतरवताना मुळाशीच तुटला. रंग वाळल्यावर त्या कात्री घेऊन आमच्या दारात आल्या आणि आमच्या वेलाकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या. मला गहिवरून आलं. मी धावत जाऊन सगळ्यात लांब फांदी कापली, पेराच्या बरोबर खाली, आणि दोन्ही हातांनी त्यांना दिली. त्यांनी फांदीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि न घेताच परत गेल्या.

मी लगेच आईला फोन लावला. मागे टीव्ही चालू होता.

"हातात दिलीस?"

"हो."

"पाठ नाही फिरवलीस?"

"विसरलो."

आईने टीव्ही बंद केला. "तुमच्याच्याने काही व्हायचं नाही," ती म्हणाली. "माझं तिकीट बघ."