वाढलेली घरघर
आज शेजाऱ्यांनी तापलेल्या अंगणात पाणी मारलं आणि त्या वासानं करमाडचा जयंतीचा कार्यक्रम आठवला. माझ्या गिटारच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे आवाज बदलायच्या डब्यात, अ‍ॅम्पचे चौसष्ट आवाज आहेत, पण मी सगळ्या गाण्यांना एकच वापरतो, गेन, म्हणजे आवाजाचा जोर, पाचवर. गिटारचं बटण उतरवलं की तोच आवाज मऊ होतो. त्यामुळे त्याची बारीक घरघर मला पाठ होती. त्या संध्याकाळी ती दुप्पट होती आणि तारांना बोट लागलं की मुंग्या येत होत्या. साउंडवाला ओरडला, “ओ मामा, तुमचा डबा लई घुमतोय, दुसरा आवाज लावा की!” “आकडे तेच हायेत, डब्यात दोष नाय. कुठंतरी करंट उतरतोय,” मी म्हणालो, पण लोक बघायला लागले तसा गेन दोनवर आणला. घरघर थांबली आणि सगळ्यांना बरं वाटलं, करंट मात्र तसाच उतरत होता. धूळ बसावी म्हणून मंडपात पाणी मारलेलं होतं आणि आमच्यात तसबिरीसमोर चप्पल काढूनच गातात. माझी धाकटी बहीण गायला त्या ओल्या मातीवर अनवाणी उभी राहिली, तिनं माइक धरला आणि तो तिच्या हातून सुटेना. साउंडवाल्यानं वायर उपटली म्हणून ती वाचली. तिच्या दोन बोटांना अजून गरम-गार कळत नाही. त्या दिवसानंतर गेन मी पाचवरून पुन्हा हलवलेला नाही. घरघर वाढली की आधी बहिणीच्या पायांकडे बघतो.