बारा शब्दांची पट्टी

बत्तीस पानांची इतिहासाची वही बारा शब्दांवर आणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पानं मी स्वतः मोजली होती. तेराव्या शब्दावर काट मारलेली होती, तो मी धरत नाही.

वही दुधासारखी आटवतो म्हणून वर्गात आम्ही त्याला आटवण्या म्हणत असू. खरं नाव नरसू. सोलापुरात साखर पेठेत त्यांच्या घरी दोन हातमाग होते आणि घरात तेलुगू चाले. शाळेआधी आणि शाळेनंतर तो मागावर बसे, त्यामुळे वही धरायला हात मोकळा नसे. सुताच्या गठ्ठ्यावरचा कागद फाडून त्यावर तो धडा उतरवी आणि समोरच्या दांडीला टाचून ठेवी. धोटा इकडून तिकडे पळे, ओठ पुटपुटत. चार दिवसांनी तो कागद जाई, त्याहून लहान येई. बत्तीस पानांची आठ झाली, आठांची दोन, आणि शेवटी चार बोटं रुंदीची एक पट्टी.

मधेच धागा तुटला की त्याची आई आतून तेलुगूत ओरडे. नरसू हसून मला मराठी करून सांगे, “म्हणती, इतिहासाला भोक पडलं तर चालंल, लुगड्याला नको.”

मी सांगोल्याचा, त्याच पेठेत मामांकडे राहून शिकत होतो. मॅट्रिकला कुणाला बसवायचं ते शाळेच्या चाचणीवर ठरे. वडिलांनी बजावलं होतं, “फारम भरला न्हाय तर सरळ गावाकडं ये. मेंढरं हायतीच.”

मला वाटलं, वहीचं सगळं सार त्या पट्टीत आहे. एका संध्याकाळी नरसू पाणी प्यायला आत गेला, तेवढ्यात मी न विचारता ती नकलून घेतली. बारा शब्द घोकले आणि वही बाजूला ठेवली.

चाचणीत पानिपतावर मोठा प्रश्न आला. पट्टीवर पानिपत नव्हतंच.

“काय हो सांगोलेकर,” मास्तर भर वर्गात म्हणाले, “पानिपतावर अडीच ओळी? तुमची फौज वाटेतूनच परतली वाटतं!” शंभरात एकोणीस मिळाले. हेडमास्तरांनी आठ दिवसांनी पुन्हा एक पेपर द्यायची सवलत दिली, ती शेवटची.

मी नरसूला सगळं कबूल केलं. रागवायचं सोडून तो धोटा धरून हसत सुटला. “अरे खुळ्या, मला येत न्हाय तेवढंच पट्टीवर ठिवलं होतं की! येतं ते खोडायचं. पानिपत कशाला लिवू? ते पाठ हाय.”

जे मी साय समजून उचललं, तो त्याचा राहिलेला गाळ होता. बाकीची बत्तीस पानं समोर मागावर बसलेल्या त्या किडकिडीत मुलाच्या डोक्यात होती. त्याच्याकडे नीट बघायचीही मला छाती होईना.

पुढचे आठ दिवस त्याने मला मागाशेजारी बसवलं. “वही मिट. आठवतंय ते सांग. सांगितलं ते खोड.” पहिल्या दिवशी माझ्या बत्तिसांची एकोणतीसच झाली. “होऊ दे की,” तो म्हणाला. “खोटं खोडू नको, बस्स.”

आठव्या दिवशी पाच पानांवर आलो. पेपरात सेहेचाळीस मिळाले आणि फॉर्म भरला गेला. त्या दिवशी त्याने दांडीवरची पट्टी काढून माझ्या हातात दिली. “घे. आता मला लागत न्हाय.”

मॅट्रिक आम्ही दोघंही झालो. नंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात नऊ दिवसांच्या तापाने नरसू गेला.

पट्टी माझ्या ट्रंकेत आहे. बाराही शब्द मला आज न बघता येतात. त्याच्या नियमाने ती केव्हाच फाडायला हवी होती. पण त्याचा चेहरा आता मिटल्या डोळ्यांनी नीट आठवत नाही. हे त्याचं अक्षर बघितलं की थोडासा दिसतो. येत नाही तेवढं ठेवायचं, म्हणून ठेवली आहे.