टोपलीकाकांचं नख

भांडण चाललं होतं वाळवणाच्या खोलीत, आणि नव्या सुनेच्या कानावर पडलं ते भिंतीपलीकडच्या नळावर. झारी भरून केव्हाची वाहायला लागली होती, पण तिला नळ बंद करवेना. बंद केला तर आत कळलं असतं की बाहेर कुणीतरी आहे.

"त्याला नाक नाही!" सासरे ओरडत होते.

"नाक नाही म्हणजे? तोंडावर आहे ते काय चष्मा ठेवायला दिलंय?" या सासूबाई.

"चष्मा ठेवायलाच! त्यातून वास म्हणून आत जात नाही. तुला ठाऊक, मला ठाऊक, आता किती झाकायचं? आज खऱ्या बाबूनाच्या ताटात खोटा टाकला त्यानं. हाताला घाण मारत होती आणि हा बाबा खुशाल ताट भरतोय!"

"शिकेल हळूहळू."

"वास काय शिकता येतो? उद्या कुणाच्या तान्ह्याच्या पोटात गेलं म्हणजे? आजपासून त्यानं वाफ्यात पाय ठेवायचा नाही."

"मुलगा आहे तो माझा, तण नाही उपटून फेकायला! आणि तुमच्यामागे वाफे बघणार कोण?"

मग सासरे खालच्या आवाजात म्हणाले, "सुनेला शिकवतो. परवा माझ्या मुठीतला पाला तिनं लांबून ओळखला."

सुनेला एका झारीत दोन बातम्या मिळाल्या. एक म्हणजे आपल्या नवऱ्याला वास येत नाही. लग्न ठरताना उंची, शिक्षण, पत्रिका सगळं बोलून झालं होतं, नाकाचं कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी बातमी ही, की त्याच्या वाटणीचं काम आता आपलं.

संध्याकाळी सासऱ्यांनी मुलाच्या हातात टोपली दिली. "माल पोचवत जा," एवढंच म्हणाले. तो "बरं" म्हणाला. टोपली सायकलच्या कॅरिअरला कशी बांधायची ते बघायला लागला. त्या दिवसापासून तो टोपलीवाला झाला, आणि केस पिकल्यावर टोपलीकाका.

रोपवाटिका तशी लहान. गुलाब-बिलाब नाहीत. पुदिना, कोरफड, गवती चहा, रोझमेरी, झेंडू, असली काटक रोपं, जी दोन दिवस पाणी चुकलं तरी रुसत नाहीत. आणि मागच्या अंगाला बाबूनाचे वाफे. बाबूना म्हणजे शहरातले लोक कॅमोमाइल म्हणतात ते. पांढऱ्या पाकळ्या, मधे पिवळी घुंडी. फुलं वाळवून गावातल्या काष्ठौषधींच्या दुकानात जायची, आणि तिथून घराघरात, पोट दुखणाऱ्या तान्ह्यांच्या चमच्यातून. रोपवाटिकेचं नाव होतं ते या फुलांवर.

आता गंमत अशी की याच फुलाचा एक भामटा भाऊ असतो. तो कुंपणाशी आपला आपण उगवतो. तीच पाकळी, तीच घुंडी, तसंच बारीक पान. पण खऱ्याला पिकल्या सफरचंदाचा वास, आणि खोट्याला असा की पुन्हा हुंगू नये. एखाद्याच्या कातडीला लागला तर फोड उठतात, मग पोटात काय करत असेल ते सांगायला नको. वारा खोट्याचं बी वाफ्यात आणून टाकायचा, आणि सून मूठमूठ हुंगून ते बाजूला काढायची.

ती यात फार तरबेज झाली. वीस पानं पुढे करा, डोळे मिटून विसांची नावं घ्यायची. पुदिन्यातसुद्धा हा सावलीतला, हा उन्हातला, असं सांगायची. गिऱ्हाईक तिला नाकवाल्या काकू म्हणायला लागलं आणि तिनं ते नाव दागिन्यासारखं मिरवलं. नवऱ्याची थट्टा करायची हौसही भागवून घेतली. भाजी करपली तरी हा माणूस दुसऱ्यांदा मागून घ्यायचा. "आमच्याकडे स्वयंपाक बिघडतच नाही," ती शेजारणीला सांगायची, "खाणारा तसा आहे." तोही हसायचा.

एकच खोड तिला खटकायची. रिकाम्या वेळी तो कुंपणाशी उकिडवा बसायचा आणि फुलं नखानं चिरत राहायचा. उजव्या हाताचा अंगठा कायम पिवळा.

"अहो, शाळकरी पोर आहात का फुलं कुस्करायला?"

"कुंपणावरची आहेत गं. फुकटची."

सासू-सासरे गेले. काकूंचा मुलगा मोठा झाला, त्याची बायको आली, मग नात झाली. काकू वाफ्यात आणि काका सायकलवर, असं सगळं चाललं होतं. मग काकूंना एकदा सणसणीत ताप आला.

ताप उतरला. पहिल्याच सकाळी त्यांनी पुदिन्याचं पान चोळून नाकाला लावलं, आणि वाफ्यावरच खेकसल्या, "काय रे, पाणी मिळालं नाही का?" मग रोझमेरी चोळली, गवती चहा चोळला. सगळा कागद. पुदिन्याचं काही बिघडलं नव्हतं.

येईल परत, म्हणून त्यांनी वाट पाहिली. वाफारे घेतले, नाकात तेल सोडलं. वास आला नाही. पण हे सांगायचं कुणाला? नाकवाल्या काकूंचं नाक गेलं, ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे? मुलगा आधीच म्हणत होता, "आई, बाबूना काढून टाकू, शोभेची झाडं लावू, त्यांना कुणी खात तर नाही." त्याला आयतं कारण मिळालं असतं. मग त्या वाफ्यांत काकूंचं काय उरलं असतं?

तेवढ्यात बाबूना फुलला. त्या साली खोटाही जोरात माजला होता. काकूंची सून नातीला खांद्यावर थोपटत दारात आली. "आई, फुलं दुकानात द्यायच्या आधी आपल्या घरची काढून ठेवा हं. रात्रभर पोटानं रडली ही. बाहेरचं नको मला, तुमच्या हातचंच हवं."

"ठेवते," काकू म्हणाल्या, आणि ताट घेऊन वाफ्यात गेल्या.

त्या खुडायला बसल्या. मूठ भरायची, नाकाशी न्यायची, ताटात टाकायची. ताट भरलं. खरं किती, खोटं किती, देव जाणे. काका टोपली घ्यायला आले ते तसेच समोर बसले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"वास."

काकू भडकल्या. "तुम्हाला काय कळतं हो वासातलं?"

"वासातलं काही नाही. तो नसण्यातलं सगळं कळतं." काकांनी ताट आपल्याकडे ओढलं. "फूल नाकाला लावतेस आणि डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतेस. पूर्वी मिटायचीस. मी जन्मभर हेच करत आलो. दूध लागलं की नाही ते तुझ्या तोंडाकडे बघून ठरवतो मी."

काकूंच्या डोळ्यांतून टपटप पाणी यायला लागलं. काकांनी तिकडे बघितलं नाही. ताटातलं एक फूल उचललं, नख घुंडीवर ठेवलं आणि उभं चिरलं. घुंडी आतून पोकळ होती, बाहुलीच्या टोपीसारखी. दुसरं चिरलं. पोकळ. तिसरं चिरलं तर आत पांढरा गर गच्च भरलेला.

"हा बघ, भामटा."

काकू फुलाकडे बघतच राहिल्या. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कोण शिकवणार? वाफ्यातून हाकलल्यावर कुंपणच राहिलं होतं मला. तिथे दुसरं होतं काय करायला?"

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुझं छान चाललं होतं. दोघांनी हुंगत बसायचं तर टोपली कुणी न्यायची?" मग जरा चाचरत म्हणाले, "वळणावर झाड आहे ना, तिथे थांबून मी बघून घ्यायचो. खालची-वरची चार फुलं. कधी एखादं निघायचं. तुझ्यासुद्धा नाकातून सुटलेलं. टाकून द्यायचो."

झालं! रडणं राहिलं बाजूला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझी परीक्षा घेत होतात? आणि तोंड शिवून?"

"परीक्षा कसली, अगं..."

"बोलू नका माझ्याशी!"

त्या उठून गेल्या आणि दिवसभर खरंच बोलल्या नाहीत. जेवणाचं ताट मात्र वाढलं, तेही आपटून. संध्याकाळी नात पुन्हा कळवळून रडायला लागली. काकू चूल पुसत होत्या, ते फडकं तसंच ठेवून बाहेर आल्या. काका पायरीवर सायकलची साखळी बसवत होते.

"ते सकाळचं ताट कुठाय?"

"झाकून ठेवलंय."

"खड्ड्यात टाका. एकेक फूल चिरून विकता येणार नाही. आणि मला दाखवा ते कसं चिरायचं."

काकांना करता येत होतं, सांगता येत नव्हतं. "असं धरायचं," म्हणायचे, आणि कसं ते हातातच राहायचं. काकूंची पहिली फुलं पार चुरगळली.

"अगं, हळू. फूल आहे, लसूण नाही."

"तुम्ही गप्प बसा, मास्तर."

दुसऱ्या दिवशी दोघं वाफ्यात उतरले. काका किती वर्षांनी उतरत होते! आधी बांधावरच घुटमळले, मग काकूंनी दंडाला धरून आत ओढलं. प्रत्येक झाडाचं एकच फूल चिरायचं. गच्च निघालं तर झाड मुळासकट उपटायचं, पोकळ निघालं तर बाकीची फुलं खुडायची. खोट्याचा ढीग बघून काकूंच्या अंगावर काटा आला. वाफा अर्धा मोकळा झाला, पण नातीसाठी मूठभर फुलं आधी बाजूला निघाली.

काष्ठौषधीवाला चौकशीला आला तेव्हा काकूंनी त्याला बाहेरच गाठलं. "माल कमी आहे यंदा. आणि माझं नाक गेलंय, तेही ऐकून ठेवा."

तो गडबडला. "वहिनी, मग खात्री कशाची? माझ्याकडे लेकुरवाळ्या येतात..."

काकूंनी त्याच्यासमोर फूल चिरून तळहातावर ठेवलं. "पोकळ असेल तर आमचं. भरीव निघालं तर टोपली परत पाठवा, पुन्हा तोंड दाखवणार नाही."

मुलानं हे सगळं दारातून ऐकलं. शोभेच्या झाडांचं त्यानं परत काढलं नाही. उलट पुढच्या मोसमात त्याचाही अंगठा पिवळा झाला.

काकूंना वास पुन्हा आला नाही. पुदिना चौकोनी देठावरून, बाकीचं पानाच्या लवेवरून, काही जिभेवरून, असं त्या नव्यानं शिकल्या, पन्नाशी उलटल्यावर, नवऱ्याशी रोज हुज्जत घालत. काका थोडे फुशारले होते हे खरं. एकदा तर "तुम्हा नाकवाल्यांना हे कळायचं नाही," असं म्हणाले. काकूंनी तेवढं चालवून घेतलं.

अशी बरीच वर्षं गेली. एका दुपारी काका जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. पण त्या दिवशी सकाळी ते टोपली घेऊन गेले होते. तिथे काय घडलं, ते काष्ठौषधीवाल्यानं काकूंना नंतर तपशिलानं सांगितलं, कारण काकूंनी पुन्हा पुन्हा विचारलं.

घडलं असं काही नव्हतं. सायकल भिंतीला टेकवली. टोपली गल्ल्याशेजारी ठेवली, हात पार तळाशी घालून फूल काढलं, नखानं चिरलं, दोन्ही अर्धुकं दुकानदारासमोर ठेवली. त्यानं बघितल्यासारखं केलं. काका पाणी प्यायले. "पुदिना हवाय का?" विचारलं, "परवा आणा," असं उत्तर मिळालं. रिकामी टोपली उलटी करून पायरीवर झटकली आणि कॅरिअरला बांधली. शेजारच्या दुकानातून घरी सांगितलेला साबण घेतला. कुठला, तर हाताला लागला तो. मग सायकलवर बसून निघाले.