दोन पिल्लं, दोन थाळ्या

एकाच घरट्यातली कबुतराची दोन पिल्लं. शेजारच्या चाचांनी एक स्वतःकडे ठेवलं, एक मला दिलं. आमच्या गच्च्यांमध्ये फक्त कमरेएवढी भिंत.

पिल्लू उडायला लागलं की थाळीवर चमचा वाजवून त्याला खाली बोलवायचं. मी थाळी वाजवली की ज्वारी द्यायचेच. चाचा कधी देत, कधी नुसतीच थाळी वाजवत. मला ते बघवत नसे. मी हाडाची मास्तरीण, मुक्या जिवाला फसवणं मला पटेना. माझं पिल्लू चार दिवसांत शिकलं. चाचांचं पंधरा दिवस घुटमळत राहिलं. मी भिंतीवरून टोमणा मारलाच, "चाचा, तुमचा विद्यार्थी नापास!"

चाचा हसले. "टीचरबाई, नल कब आता मालूम नै, फिर भी सब टोंटी खोलके बैठतेच ना? हर बार दिए और एक दिन नै दिए, तो परिंदा फिर आताच नै."

मी कानाआड केलं.

मग आईला बरं नव्हतं म्हणून तीन दिवस पाचोडला जावं लागलं. परतले त्याच संध्याकाळी आईकडून आणलेली ज्वारी थाळीत घेऊन गच्चीवर गेले. दोन्ही पिल्लं समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसली होती. मी थाळी वाजवली. माझ्या पिल्लानं मान वळवली आणि पुन्हा पंख साफ करायला लागलं. मी नवऱ्याला हाक मारली.

"अगं, ज्वारी संपली व्हती," तो जिन्यातूनच म्हणाला. "नुसतीच थाळी वाजविली. पहिल्या दिवशी आलं, मग बघंनाच झालं."

मी तोंड उघडणार तोच चाचा ओरडले, "शिक्रा!"

वर तो शिकारी पक्षी घिरट्या घालत होता. प्रत्येक फेरी आधीपेक्षा खाली. चाचांनी त्यांची थाळी उचलली, मी माझी. दोघंही जिवाच्या आकांतानं वाजवत होतो. माझ्या थाळीतली ज्वारी उडून पायाशी सांडत होती. "ये रे, ये ना, आज आहे, खरंच आहे!" मी वेड्यासारखी ओरडत होते.

चाचांचं पिल्लू उठलं आणि सरळ त्यांच्या मनगटावर येऊन बसलं. माझं टाकीच्या कडेपर्यंत चालत आलं. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आलं. ते मागे फिरलं.

शिक्रा दगडासारखा त्याच्यावर पडला. टाकीवर चार पिसं राहिली, बाकी काही नाही.

नवऱ्यावर चिडायचंही सुचलं नाही. चूक त्याची नव्हती. एकदा नाही मिळालं तरी पुन्हा येऊन बघायचं असतं, एवढं एकच मी पिल्लाला शिकवायला हवं होतं, आणि माझ्या खरेपणाच्या तोऱ्यात तेच राहिलं. भिंतीपलीकडे चाचांचं पिल्लू थाळीत चोच मारत होतं. मी वाकून पाहिलं. त्यांच्या थाळीत एकही दाणा नव्हता.