शवपेटीवरचं पिल्लू

बेर्तिंगच्या जीपनीत, त्या रंगीबेरंगी भाड्याच्या गाडीत, अर्धी गल्ली कोंबून झाली, तरी दोरायची लिपस्टिक काही संपेना. मनिलाजवळच्या मालाबोनच्या खाडीकाठची ती चिंचोळी गल्ली त्या संध्याकाळी नुसती उधाणली होती. ड्रायव्हर बेर्तिंग शेजारचाच, तोंडाचा फाटका. त्याने भोंगा दाबूनच धरला.

"अगं मावशी, लोक तुला पडद्यावर बघणार आहेत! इथे रंगवून काय उपयोग?"

"गप रे मेल्या! उद्या पेपरात फोटो आला तर तू रंगवणार आहेस का मला?" दोराय आतून ओरडली. आवाज खणखणीत होता, पण लिपस्टिक तिसऱ्यांदा ओठाबाहेर गेली होती, आणि ते फक्त तिची मुलगी मायेन हिलाच दिसत होतं.

तेओडोरा साल्वासिओन ऊर्फ दोराय. ऐन विशीत गावच्या जत्रेतली सौंदर्यस्पर्धा जिंकली आणि नायिका व्हायला म्हणून मनिलाला आली. झाली मोलकरीण. खरी नव्हे, मालिकांमधली. "आले, मॅडम," "पोलीस आलेत, मॅडम," यापुढे तिची भाषा कधी सरकलीच नाही. एक काम मात्र हक्काचं होतं: थप्पड खाणं. आधी एका नायिकेच्या हातची खाल्ली, मग तीच नायिका म्हातारी झाल्यावर तिच्या मुलीच्या हातची. बाजारात मासळीवाल्या तिचं नाव विसरत, पण गाल बरोबर ओळखत. ती हसून घ्यायची. घरी आल्यावर मात्र भाताच्या पातेल्याशी पल्लेदार संवाद म्हणायची, आणि भिंती पातळ असल्याने ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचे.

केस पिकल्यावर तिला 'गल्ली अकरा' मिळाला. गुन्हेगारीपट. एका पोराला साध्या कपड्यांतली माणसं रात्री उचलतात, सकाळी त्याचं प्रेत सापडतं आणि 'त्यानेच आधी गोळी झाडली' असं सांगितलं जातं. दोराय त्या पोराची आई. एकच मोठा प्रसंग, पण तो तिचा.

खून झालेल्या माणसाच्या शवपेटीवर तिकडे कोंबडीचं जिवंत पिल्लू सोडतात. ते पेटीच्या काचेवरचे दाणे टोचत राहतं, आणि तसतसं खुन्याचं काळीज टोचलं जातं, असं मानतात. आजारपणाने गेलेल्याच्या पेटीवर पिल्लू नसतं. म्हणजे पिल्लू दिसलं की सगळं समजतं, कुणी तोंड उघडायची गरज नाही. प्रसंगात दोरायने पेटीजवळ बसून मुकाट रडायचं होतं आणि पिल्लाने टोचायचं होतं.

घोटाळा दोरायनेच केला. जेवणाच्या सुट्टीत पिल्लू चिवचिवत होतं, तिला दया आली आणि तिने आपल्या डब्यातला भात त्याला पोट फुटेस्तोवर चारला. कॅमेरा सुरू झाला तेव्हा पिल्लू दिव्यांच्या उबेत मान खाली घालून ढाराढूर! दाण्यांकडे ढुंकूनही बघेना. दोरायचं रडणं थांबलं आणि डोकंच फिरलं.

"टोच रे, टोच! झोपतोस काय? माझं लेकरू मारणारा तिकडे पोटभर जेवून पसरलाय! तुलाही झोप, त्यालाही झोप, मग जागायचं मी एकटीनेच? टोच त्याला! त्याचा डोळा लागू देऊ नकोस!"

पिल्लू दचकून उठलं आणि टोचायला लागलं. दिग्दर्शक कॅमेरा थांबवायचंच विसरला. मग धावत आला आणि त्याने दोरायचा हात आपल्या कपाळाला लावला, जसा तिकडे मान द्यायला आईचा लावतात.

सिनेमाची झलक त्या प्रसंगासकट बाहेर पडली आणि रान पेटलं. एका मेयरने 'हा आमच्यावरच रोख आहे' म्हणून आकाशपाताळ एक केलं. टीव्हीवर रोज भांडणं. विरोध करणारेच तिचं 'टोच रे, टोच' इतक्या वेळा म्हणून दाखवत की पोरासोरांना पाठ झालं, शर्टांवर छापून आलं. आणि आज दुपारी बातमी उठली की निर्मात्याने घाबरून तो प्रसंग कापला. त्याचा फोन लागत नव्हता.

"आई, नसला तर परत येऊ. पान्सितच्या शेवया करून ठेवल्यात," मायेन म्हणाली.

"नसला तर मला कुणी पान्सित विचारू नका," दोराय म्हणाली आणि जीपनीत चढली.

थिएटर खचाखच भरलं होतं. अंधार झाला आणि दोरायने मायेनचं मनगट जे धरलं ते सोडलंच नाही. पोरगा उचलला गेला. पोरगा मेला. आणि पडद्यावर पेटी आली, पिल्लू आलं, दोरायचा चेहरा आला, केवढा मोठा!

"आहे! आहे गं!" बेर्तिंग किंचाळला.

पडद्यावरच्या दोरायने तोंड उघडलं. आवाज नव्हता. चित्र ठेवलं होतं, शब्द पुसले होते. ओठ हलत होते, गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या, आणि ऐकू काहीच येत नव्हतं. एवढ्या वर्षांनी मिळालेलं बोलणं, तेही काढून घेतलं!

ती ताडकन उठली.

"टोच रे, टोच!" थिएटर दणाणलं. "झोपतोस काय?"

"मावशी, बसा!" मागून कुणीतरी म्हणालं. "बसा काय, तीच आहे ती!" दुसऱ्याने त्याला गप्प केलं. तोवर बेर्तिंग ओरडायला लागला होता, मग गल्ली, मग अनोळखी रांगाच्या रांगा. "त्याचा डोळा लागू देऊ नकोस!" सगळं थिएटर म्हणत होतं, आणि वर पिल्लू उठून टोचत होतं. दोरायला वाटलं, आता छाती फुटून जाईल आनंदाने.

ओरडा ओसरला. पुढच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. मागे वळून तिने दोरायकडे पाहिलं.

"माझ्या रेनांतेसाठीपण म्हणा ना," ती म्हणाली. "त्याच्याही पेटीवर पिल्लू होतं."

दोरायने लिपस्टिक मनगटाने पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.