भास्करच्या डोक्यावरचं आभाळ

भास्करच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर वर रिकामं आभाळ दिसलं, म्हणून मी तिथं साखर कारखान्याचं अख्खं संचालक मंडळ बसवलं. फ्लेक्सवाला म्हणाला होता, "लई जागा हाय वर, वाया जाईल." मी मान हलवली. शिरूर कासारच्या स्टँडवर फ्लेक्स लागला तेव्हा खाली कोपऱ्यात बोटाएवढा भास्कर, आणि वर शोकाकुल म्हणून हात जोडलेले, चांगले हसरे संचालक. त्याची बायको, सुशीलावहिनी, येऊन उभ्या राहिल्या. वर बघितलं आणि तशाच घरी गेल्या. त्यानंतर त्या माझ्याशी बोलेनातच.

बरोबरच होतं त्यांचं. भास्कर आयुष्यभर माझ्याशी भांडला तो ह्याच रिकाम्या जागेवरून. त्याचा फोटो स्टुडिओ. मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करणारा, म्हणजे वरमाईच्या नथीत कॅमेरा घालणारा माणूस. बीडच्या रद्दीतून तो जुनी विदेशी मासिकं आणायचा आणि त्यातले फोटो कापून स्टुडिओच्या भिंतीला चिकटवायचा. फोटोग्राफरांची नावं आम्हाला धड वाचता येत नसत. पण बर्फातून एकटा चाललेला एक माणूस त्यानं मला इतक्यांदा दाखवला, की मला त्या माणसाची काळजी वाटायला लागली. टॉकीजमध्ये तर जीव नकोसा करायचा. नायिका रडतेय, थेटर मुसमुसतंय, आणि ह्याचं कोपर माझ्या बरगडीत. "बघ, कॅमेरा मागं घेतला. एकटी सोडली तिला..." मागचे लोक शिव्या द्यायचे.

एका दुष्काळात मी चारा छावणीवर शूटिंगला गेलतो. एका गाईच्या अगदी अंगाला भिडलो, तर मागून भास्कर ओरडला, "कावून तिच्या फासळ्या मोजतो बे? मागं सर. आजूबाजूला काईच न्हाई, ते दिसू दे." मी मागं सरलो तो शेणात बसलो. पण घरी कॅसेट लावली. ती गाय, आणि तिच्याभोवती ती कोरडी पांढरी जमीन, संपतच नव्हती. इतकी वर्षं कॅमेरा माझ्या खांद्यावर होता, बघायला मी त्या दिवशी लागलो.

त्याच वर्षी कारखान्याच्या वार्षिक अहवालासाठी त्यानं चेअरमनांना बंद धुराड्याखाली उभं केलं. सगळा फोटो धूर नसलेल्या आभाळाचा. चेअरमन म्हणाले, "ह्यात मी कुठंय?"

"खाली हाव की साहेब तुमी. वर यंदाचं गाळप हाय."

भास्करचं कारखान्याचं काम गेलं ते गेलंच. फ्लेक्सवर सगळ्यात मोठा चेहरा मी त्याच चेअरमनांचा टाकला होता.

आमची शेवटची भेट पालीच्या धरणात झाली. धरणावर नव्हे, धरणात, पाणी नव्हतंच. आजारानं भास्करचे हात थरथरत होते. भेगाळल्या गाळावर बसून त्यानं स्वतःचा कॅमेरा माझ्याकडं दिला. "काढ माझा."

मी जवळ गेलो.

"लांब जा."

गेलो.

"अजून... अजून बे..."

मी उलट्या पावलांनी त्याच्यापासून दूर जात राहिलो. मला ते अजिबात आवडत नव्हतं. त्याचा हात हलत होता, आवाज बारीक होत होता. तो ऐकू यायचा थांबला तिथं मी बटण दाबलं आणि धावत परत आलो. स्क्रीनवर फोटो बघून तो म्हणाला, "आता जमलं तुला." काही आठवड्यांनी तो गेला. फ्लेक्सवर मी लावलेला फोटो तोच.

फ्लेक्स मीच उतरवला. मूळ फोटोची प्रत फ्रेम करून परवा स्टुडिओत घेऊन गेलो. वहिनींनी खिळा-हातोडी पुढं केली, मी फ्रेम टांगली. खुर्ची ओढून त्या बसल्या आणि बघत राहिल्या. आता तरी बोलतील म्हणून मी फ्रेमसमोर उभा राहून समजावू लागलो, की वहिनी, हे आभाळ बघा, हे त्यानंच ठेवायला लावलं, इथं कुणीही नाही... मी बोलतच होतो. गप्प बसलो असतो तर रडलो असतो.

वहिनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलल्या.

"भावजी, बाजूला सरा. एवढं मोठं डोस्कं मधी घालून काय दाखवताव?"