साडूची चटई

माझ्या साडूने चाकणला पहिलं काम घेतलं तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, हे आधीच सांगून टाकतो. तो माझ्या मेव्हणीचा नवरा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. राहतो वाकडला, अकराव्या मजल्यावर. आम्ही मोशीत. पण दुखणं फ्लॅटचं नव्हतं, मातीचं होतं.

वीस वर्षं मी तळ्यांचे तळ घट्ट केले. कारखान्याचं सांडपाणी जमिनीत मुरू नये म्हणून काळी चिकणमाती थराथराने रोलरखाली दाबायची, दोन-तीन फूट जाड. ओली माती तळहातावर वळून सुतळीएवढी वळी न तुटता झाली की मी हो म्हणायचो, मगच ट्रक रिकामा व्हायचा. साइटवर माझ्या हाताला मान होता. मग ही चटई आली. दोन जाड कापडं, मध्ये बेंटोनाइटची सुकी माती घालून शिवलेली, सगळी मिळून करंगळीएवढी जाड. पाणी लागलं की आतली माती फुगते आणि पाण्याची वाट बुजवते. माझं महिन्याचं काम साडू तीन-चार दिवसांत अंथरून मोकळा व्हायचा. सांगवीला सासरे त्याला शेजारी बसवून कौतुकाने सगळं विचारायचे. माझ्या मातीबद्दल त्यांनी वीस वर्षांत चकार शब्द काढला नव्हता. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

आणि योग बघा, एका कंपनीच्या तळ्यावर चटई त्याची आणि कंपनीने तपासायला नेमलेला मी. नातं मी कंपनीच्या साहेबांना सांगितलं होतं. ते हसून म्हणाले, मग तर तुम्ही जास्तच कडक असाल. दोन दिवस मी त्याच्या चुका शोधत उन्हात फिरलो. एकही सापडेना, त्याचाही राग आला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली. चटईचे दोन पट्टे वीतभर एकमेकांवर चढवतात आणि त्या सांध्यात बेंटोनाइटची भुकटी पसरतात, नाहीतर पाणी तिथूनच खाली उतरतं. मजूर एक सांधा अर्धवट सोडून जेवायला गेले आणि परत आल्यावर थेट पुढच्या पट्ट्याला लागले. त्या सांध्यात भुकटी पडलीच नाही. वरून काही कळत नव्हतं, आणि संध्याकाळी सगळ्यावर फूटभर माती पडणार होती.

मी बोललो नाही. एक वाक्य पुरलं असतं. पण ठरवलं, पडू दे माती, उद्या साहेबांसमोर उकरायला लावू. उद्या साहेब आलेच नाहीत तर, असं मनात आलं, तेही मी बाजूला सारलं. उताराखाली गावाच्या विहिरी होत्या, हे मला चांगलं माहीत होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात तसं, काही काम नसताना मी पुन्हा पुन्हा त्या सांध्यापाशी जाऊन येत होतो.

चारच्या सुमारास मातीचा डंपर आला आणि साडूने तो हात करून थांबवला. नेमकी त्याच सांध्याची कड उचलून पाहिली, माणसाला भुकटी आणायला पिटाळलं. तेवढ्यात साहेब गाडीतून उतरले. काम का थांबलंय, असं त्यांनी विचारलं.

"एका सांध्यात भुकटी घालायची राहिली होती," साडू म्हणाला. "दादांनी पकडलं."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी मान हलवली, दुसरं काय करणार होतो.

ते गेल्यावर मी साडूला विचारलं, तुला कळलं कसं. तो गुडघ्यावर बसून भुकटी पसरत होता. वर न बघता म्हणाला, "तुम्ही तीनदा इथं येऊन उभे राहिलात, दादा. तुमचा चेहरा बघितला आणि उचलून पाहिलं."

पुढे त्याने काही विचारलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतर घरीही नाही. त्याला सगळं कळलं होतं, तरी चारचौघांत त्याने माझी अब्रू राखली. त्याच्या जागी मी असतो तर राखली नसती. चटईचा हेवा एक वेळ विसरलो असतो, पण ह्या माणसाचा हेवा अजून जात नाही.